जुगाराचे व्यसन आणि आप्तांची फसवणूक : घराने काय करावे

जुगाराचे व्यसन जडलेल्या माणसाला दररोज पैसा लागतो आणि तो सर्वांत आधी घरातून जातो. घरातला संपला की भावकी, मग मित्र, मग बचत गट, पतसंस्था आणि शेवटी गावातला व्याजाने पैसे देणारा, अशी ही वाट बहुधा ठरलेली असते. दारू पिणाऱ्याच्या तोंडाला वास येतो, जुगाऱ्याच्या येत नाही. त्यामुळे साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावात, जिथे कोणाच्या चुलीवर आज काय शिजले हेही शेजारणीला ठाऊक असते, तिथेही एखाद्याचे लाखांचे देणे दोन-दोन वर्षे लपून राहू शकते. कळते तेव्हा सातबाऱ्यावर बोजा चढलेला असतो, डोरले गहाण पडलेले असते आणि जिवाभावाचा मित्र जामीनदार म्हणून नोटिसा घेत असतो.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत जुगाराला हंगाम असतो. पोळ्याला आणि दिवाळीला पत्ते खेळण्याची जुनी रीत आहे. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया लागतात, पुढे बैलांच्या शर्यतींचे शंकरपट येतात आणि कुठे झुडपाआड चोरून कोंबडबाजार भरतो. पोळा सोडला तर हे सगळे नेमके त्याच दिवसांत येते, जेव्हा धान चुरून, विकून वर्षाची एकमेव मोठी रक्कम खात्यात जमा होते. मंडईला दंडार आणि नाटक बघायला जाणारा माणूस जुगारी नसतो. सणाला पाच-पन्नास रुपये लावणारेही बहुतेक जण दुसऱ्या दिवशी आपापल्या बांधीवर असतात. इथे विचार आहे तो सण सरला तरी ज्याला थांबता येत नाही त्याचा.

बारमाही चालतो तो सट्टा. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये मुंबईत वरळीला मटका सुरू केला आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये आपला वेगळा मटका काढला. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होत्या भावांवर मुंबईत पैसे लागत. ओपन आणि क्लोज हे शब्द त्या काळापासूनचे. विदर्भात मटक्याला सट्टापट्टी म्हणतात. त्याचे गणित घरातल्या प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. आकडे दहा असतात आणि बरोबर आलेल्या आकड्याला साधारणपणे नऊपट मिळतात. म्हणजे लावलेल्या दर शंभर रुपयांतले सरासरी दहा चालवणाऱ्याकडे राहतात. जिंकलेले पैसे पुन्हा लावत गेले तर हजार रुपयांचे दहा डावांनंतर सरासरी साडेतीनशे उरतात आणि वीस डावांनंतर सव्वाशेही उरत नाहीत. एखाद्याला मोठा आकडा लागतो, त्याची गावभर चर्चा होते; गमावणारे बोलत नाहीत. हे गणित सांगून व्यसनी माणूस थांबेल अशी आशा धरू नये. त्याचा उपयोग घरच्यांना आहे. ‘एकदाच पैसे दे, सगळे भरून काढतो’ या विनवणीला नकार देताना मन कच्चे पडते, तेव्हा हा हिशेब हाताशी असावा.

मोबाइलने सट्ट्याची चिठ्ठी लिहिणारा माणूस मधून काढून टाकला आणि रात्रीची वेळही मोकळी केली. साकोलीवरून जाणारा महामार्ग पुढे छत्तीसगडात भिलाईला पोचतो. तिथल्या तरुणांनी उभारलेल्या महादेव ॲपचे जाळे सक्तवसुली संचालनालयाच्या तपासात समोर आले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासह २२ ॲप व संकेतस्थळे बंद केली. त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने गोंदियातील सट्टेबाजाविरुद्ध तक्रार दिली की ऑनलाइन जुगाराच्या नादी लावून आपली ५८ कोटी रुपयांना फसवणूक झाली. त्या सट्टेबाजाच्या गोंदियातील घराच्या झडतीत पोलिसांना कोट्यवधींची रोकड, सोने आणि चांदी सापडली. तक्रारीतली पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे: आधी जिंकू द्यायचे, माणूस रुळला की मग हरवायचे. शंभर रुपयांच्या खात्यालाही हीच रीत लागू असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ त्याने बंदीखाली आणले; खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्यात उरला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. ऑनलाइन खेळात अडकलेल्याने मदत मागायला जाताना ‘आपल्यालाच आत टाकतील’ ही भीती बाळगू नये, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. अड्ड्यावरच्या पत्त्यांची आणि सट्टापट्टीची गोष्ट वेगळी. तिथे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो आणि खेळणाराही पकडला जातो.

फसवणूक कोणत्या वाटेने येते

सुरुवात उसनवारीने होते. कारण नेहमी खरे वाटेल असेच असते: युरिया आणायचा आहे, मोटारपंप जळाला, सासऱ्याला नागपूरला मेडिकलमध्ये भरती केले. एकाला सांगितलेले कारण दुसऱ्याला सांगितले जात नाही आणि प्रत्येकाला बजावले जाते, ‘घरी सांगू नको.’ पैसे मागताना घातलेली ही अट हीच सर्वांत भरवशाची खूण आहे. खऱ्या अडचणीला घरापासून लपवण्याचे कारण क्वचितच असते. ज्या मित्राकडे अशी मागणी येईल त्याने पैसे देण्याआधी घरच्यांशी बोलावे. मैत्री तुटेल या भीतीने पुष्कळ जण गप्प राहतात आणि पुढे पैसा आणि मैत्री दोन्ही गमावतात.

त्यानंतर दागिने. सोने तारण ठेवून तासाभरात रोख मिळते आणि पावती मोबाइलमध्ये राहते. सणासुदीलाच डबा उघडणाऱ्या घरात वर्षभर पत्ता लागत नाही. मग स्त्रियांच्या नावावरची कर्जे. बचत गटाचे किंवा सूक्ष्म वित्त कंपनीचे कर्ज बाईच्या सहीने निघते, पैसे नवरा किंवा मुलगा उचलतो आणि हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायका तिच्या दारात येतात. यातला अपमान त्या बाईच्या वाट्याला येतो, जिने एक रुपयाही पाहिलेला नसतो.

जामिनाची सही ही सर्वांत हलकी समजली जाणारी आणि सर्वांत जड पडणारी गोष्ट आहे. ‘नुसती सही कर, हप्ता माझा मी भरतो’ असे सांगितले जाते. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. पतसंस्था सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन जामीनदाराच्या पगारावर आणि मालमत्तेवर येऊ शकते. शिक्षक, कंडक्टर, ग्रामपंचायतीचा कर्मचारी अशा पगारदार मित्रांवरच जामिनासाठी डोळा का असतो, ते यावरून कळेल.

खाते मागून नेणे हा नवा आणि फार घातक प्रकार आहे. ‘माझ्या खात्यात अडचण आहे, तुझे एटीएम आणि सिम पंधरा दिवस दे,’ असे म्हणून मित्राचे किंवा मजुरी करणाऱ्या भावाचे खाते घेतले जाते. सट्ट्याचे आणि फसवणुकीचे पैसे फिरवण्यासाठी अशी खाती भाड्याने लागतात आणि ती देणाऱ्याला महिन्याला काही हजार मिळतात. पुढे परराज्यातले पोलीस चौकशी करत येतात, खाते गोठते आणि त्यात आलेली निराधार योजनेची किंवा धानाची रक्कमही अडकते. पासबुक, एटीएम कार्ड, सिम आणि ओटीपी सख्ख्या भावालाही देऊ नये. आधीच दिले असतील तर त्याच दिवशी बँकेत लेखी कळवून कार्ड आणि मोबाइल बँकिंग बंद करावे, त्या अर्जाची पोच जपून ठेवावी.

शेवटची पायरी जमिनीची. सामाईक बांधीचे एकट्याने इसारपत्र करून देणे, कोऱ्या मुद्रांकावर सह्या करणे, उभे धान आधीच विकून टाकणे, हे सगळे तेव्हा होते जेव्हा बाकीच्या वाटा बंद झालेल्या असतात.

व्यसन आहे की वाईट सवय

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानसूचीत तो दारू आणि अमली पदार्थांच्या शेजारी आणून बसवला. तिथे नऊ लक्षणे दिली असून वर्षभरात त्यांपैकी किमान चार दिसली तर निदान होते: तोच कैफ येण्यासाठी वाढती रक्कम लावणे, बंद केल्यावर चिडचिड, थांबण्याचे फसलेले प्रयत्न, हरलेले परत मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे, खोटे बोलणे, दुसऱ्यांच्या पैशावर विसंबणे इत्यादी. खोटे बोलणे हे लक्षणांत मोजले जाते, ही गोष्ट घरच्यांना समजणे फार गरजेचे आहे. ‘आपल्याच माणसाने आपल्या तोंडावर खोटे सांगितले’ ही जखम खोल असते. पण ते खोटे त्या आजाराचाच भाग असते. यावरून दुसरीही एक गोष्ट निघते. या काळात त्याच्या शपथांवर व्यवहार ठेवता येत नाही. शपथ घेताना त्याचे डोळे खरे असतात, आणि तरी संध्याकाळी तो अड्ड्यावर असतो.

घरात चाचपणी करायला दोन प्रश्न पुरतात आणि डॉक्टरही ते विचारतात. कधी जास्त-जास्त पैसे लावावेसे वाटले का? किती लावतो याविषयी जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले का? यातल्या एकाचेही उत्तर होय असेल तर पुढे तपासणी करून घ्यावी. पार्किन्सनच्या काही औषधांमुळेही माणसाला अचानक जुगाराची ओढ लागते. घरातल्या म्हाताऱ्याचे वागणे नव्या गोळ्यांनंतर असे बदलले असेल तर डॉक्टरांना लगेच सांगावे, गोळ्या मात्र आपणहून बंद करू नयेत.

कागदांतही खुणा सापडतात. महिनोन्महिने पासबुक छापून न घेणे, फोनवर सतत नवा पासवर्ड, यूपीआयच्या यादीत अनोळखी नावांना रात्री एक-दोन वाजता गेलेल्या रकमा, सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात नवा बोजा. स्वतःच्या नावावर कोणी कर्ज काढले आहे का, हे पाहण्यासाठी सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. घरातल्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीने, विशेषतः स्त्रियांनी, तो काढावा.

उघड झाल्यानंतरचे पहिले दिवस

सगळे उघडकीस येते ती रात्र जिवाला सर्वांत धोक्याची असते. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका मोठा आहे आणि देणे बाहेर पडल्यावर शरमेने तो वाढतो. त्या रात्री हिशेब मागू नये, मारहाण करू नये, गावासमोर उभे करू नये. माणसाला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे शेतातल्या खोपडीत किंवा पडवीत उघडी असतात, ती कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावीत. ‘मरावेसे वाटते का’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. १४४१६ हा टेली मानसचा क्रमांक २४ तास आणि विनामूल्य आहे, त्यावर मराठीत बोलता येते. प्रयत्न झालाच असेल तर गुन्ह्याच्या भीतीने दवाखाना टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचाराचा हक्क दिला आहे.

यानंतर घराकडून जी चूक सर्वांत जास्त होते ती मायेपोटी होते. बाप बैलजोडी विकतो, आई उरलेले सोने काढते, भाऊ पतसंस्थेतून उचल घेतो आणि ‘गावात इज्जत जाऊ नये’ म्हणून सगळे देणे गुपचूप एकरकमी फेडले जाते. देणे फिटताच त्या माणसाची पत पुन्हा उभी राहते. ज्यांचे पैसे परत मिळाले ते पुन्हा द्यायला तयार असतात आणि महिन्या-दोन महिन्यांत नवा डाव सुरू होतो. घराने गुपचूप फेडलेले कर्ज हे पुढच्या जुगाराचे भांडवल ठरते. म्हणून क्रम पक्का धरावा: आधी पैशाची वाट बंद, मग उपचार, मग देण्यांची फेड. या क्रमाची उलटापालट झाली की घर दुसऱ्यांदा बुडते, आणि दुसऱ्या वेळी विकायला काही उरलेले नसते.

पैशाची वाट बंद करायला गुपित सोडावे लागते. ज्यांच्याकडे तो पैसे मागू शकतो अशा दहा-पंधरा जणांना, म्हणजे काका, साळे, मित्र, किराणा दुकानदार, कृषी केंद्रवाला, बचत गटाच्या अध्यक्षा, पतसंस्थेचा व्यवस्थापक, घराने शांतपणे सांगावे की यापुढे घरच्यांना विचारल्याशिवाय याला पैसे देऊ नयेत आणि दिल्यास घर जबाबदार नाही. हे बोलणे जड जाते. कारण सांगताना ‘आजार आहे, उपचार चालू आहेत’ एवढे पुरे, वर्णन नको.

सज्ञान माणसाचे खाते घरच्यांना परस्पर बंद करता येत नाही, म्हणून त्याची संमती लागते आणि पश्चात्तापाचे पहिले चार दिवस त्यासाठी चांगले असतात. धानाची रक्कम ज्या खात्यात येते ते खाते दोघांच्या सहीचे करावे. यूपीआय बंद करावे किंवा त्याची मर्यादा अगदी कमी करून घ्यावी. एटीएम पत्नीकडे किंवा आईकडे असावे, रोजचा खर्च रोख मिळावा. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते, ते घरातल्या सर्वांचे करावे. मूळ कागद, चेकबुक, फेरफार, खरेदीखत घराबाहेर विश्वासातल्या नातेवाइकाकडे ठेवावेत. जमिनीवर कोणताही नवा फेरफार धरला की तलाठ्याकडून नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. आपली चावडी या शासकीय संकेतस्थळावर गावाचे नाव निवडून ती घरबसल्या पाहता येते, म्हणून दर आठवड्याला पाहावी. नवऱ्याची तयारी असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावून घ्यावे. मग एकट्याच्या सहीने पूर्ण जमीन विकता येत नाही.

देण्यांचा हिशेब

उपचार सुरू झाल्यावर एका वहीत सगळी देणी लिहावीत. पहिली यादी कधीच पूर्ण नसते. शरमेने सर्वांत मोठे देणे लपवले जाते. महिनाभराने पुन्हा विचारावे आणि रागावू नये, नाहीतर तिसरी यादी मिळत नाही.

व्याजाचा बोजा किती जड असतो ते एका उदाहरणावरून दिसेल. शेकडा पाच रुपये महिना दराने घेतलेल्या एक लाखाचे वर्षाचे व्याज ६० हजार होते. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. ३० क्विंटल धानाचे ७१ हजार येतात. लागवडीचा खर्च वजा करण्याआधीच त्यातले बहुतेक व्याजात जातात आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. म्हणून असे देणे आधी हातात घ्यावे, पण व्याजाने पैसे देणाऱ्याने सांगितलेला आकडा मान्य करून नव्हे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ नुसार परवाना नसताना व्याजाचा धंदा करणे गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

सट्टेवाल्याची ‘उधारी’ वेगळी. करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य असतो, म्हणजे ती रक्कम कोणत्याही न्यायालयातून वसूल होऊ शकत नाही. वसुलीसाठी दारात येऊन दमदाटी होत असेल तर ते प्रकरण पोलिसांचे आहे.

पुष्कळ म्हातारे बाप आणि पुष्कळ मुले घरातल्याचे जुगाराचे देणे धर्म समजून अंगावर घेतात. बापाने दारू, कामासक्ती आणि द्यूत यांपायी केलेले कर्ज मुलाने फेडू नये, असे याज्ञवल्क्यस्मृतीतच सांगितले आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर तर केवळ मुलगा आहे म्हणून बापाचे नवे कर्ज त्याच्याकडून वसूल होऊ शकत नाही. सज्ञान मुलाचे कर्ज बापावर येत नाही आणि नवऱ्याचे बायकोवर येत नाही, जर त्यांनी सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल तर. घेणेकरी अंगणात ओरडत असताना ही गोष्ट आठवत नाही, म्हणून ती आधीच घरात बोलून ठेवावी आणि त्या क्षणी कोणत्याही कागदावर सही करू नये.

फेड कोणाची आधी करावी, याला कायद्याचे उत्तर नाही. ज्या विधवा आत्याने मुलीच्या लग्नाचे पैसे दिले, ज्या रोवणीच्या बायांची मजुरी बुडाली, ज्या बचत गटातल्या बायका हप्ता भरत आहेत, त्यांची रक्कम छोटी आणि नड मोठी असते. त्यांना आधी द्यावे. ती फेड व्यसनमुक्त होणाऱ्या माणसाने स्वतः कमावलेल्या पैशांतून, दरमहा ठरलेल्या दिवशी आणि घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या हाताने व्हावी. जामीनदार मित्राला आपण होऊन भेटावे. त्याला वसुलीची नोटीस आधी आणि घरचा निरोप नंतर मिळाला, तर तो माणूस परत जोडला जात नाही.

फसवला गेलेला काय करू शकतो

ज्याचे पैसे गेले त्याने आधी पुरावा पक्का करावा. हातउसने दिलेले पैसे मागायला दावा ३ वर्षांच्या आत लावावा लागतो. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने देणे लेखी मान्य करून सही दिली तर तिथून नवी मुदत सुरू होते. म्हणून नात्याचा संकोच बाजूला ठेवून दोन ओळींची सही घ्यावी. दिलेला धनादेश न वटता परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. या तारखा चुकल्या की तो मार्ग फार अवघड होतो.

उसने घेऊन न देणे हा बहुधा दिवाणी मामला राहतो. पण सुरुवातीपासूनच खोटे कारण सांगून पैसे काढणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक ठरू शकते, विश्वासाने सोपवलेले पैसे किंवा दागिने परस्पर वापरणे कलम ३१६ खाली येते, आणि दुसऱ्याच्या नावाने ओटीपी वापरून कर्ज काढणे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालीही गुन्हा आहे. आजार हा बचाव नव्हे. तरीही घरातल्या माणसावर तक्रार द्यावी का, हा प्रश्न प्रत्येक घराला वेगळा पडतो. जिथे माणूस उपचाराला तयार आहे आणि फेड लिहून देतो, तिथे थांबून पाहावे. जिथे खोट्या सह्या चालूच आहेत, म्हाताऱ्यांना धमकावून पैसे काढले जातात किंवा दुसऱ्याच्या नावावर नवी कर्जे निघत आहेत, तिथे तक्रार न दिल्यास पुढचा माणूस बुडतो. फसवणुकीच्या गुन्ह्यात पुढे न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते, हेही लक्षात असावे. ॲपच बनावट असेल, जिंकलेले किंवा भरलेले पैसे काढता येत नसतील, तर काही तासांच्या आत सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

पत्नीच्या हातात आणखी एक साधन आहे आणि ते फार थोड्या जणींना माहीत असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही येतो: स्त्रीधन विकणे, घरातल्या वस्तू काढून देणे, खर्चाला पैसे न ठेवणे. दंडाधिकारी नवऱ्याला मालमत्ता विकण्यास, सामाईक खाते किंवा लॉकर वापरण्यास मनाई करू शकतात. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे किंवा १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन करावा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. त्याचा क्रमांक १५१०० आहे. ही कारवाई नवऱ्याला तुरुंगात घालण्यासाठी नाही. मुलांच्या तोंडचा घास वाचवण्यासाठी आहे.

उपचार

या व्यसनावर रामबाण गोळी नाही, पण उपचार आहेत आणि पुष्कळ जण सुधारतात. विचारांची आणि सवयींची घडी बदलणारी समुपदेशनाची पद्धत, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, सर्वांत जास्त वापरली जाते. ‘आता माझा आकडा लागायलाच हवा’ हा समज कसा तयार होतो, ओढ उठली की पुढचा अर्धा तास कसा काढायचा, हे तिथे शिकवले जाते. नाल्ट्रेक्सोनसारखे औषध काहींना मदत करते. सोबत दारू किंवा नैराश्य असेल तर त्याचा उपचार बरोबरच व्हावा लागतो, नाहीतर एक सुटून दुसरे धरले जाते. एकोडी परिसरातून भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होऊ शकते. पुढची गरज लागल्यास नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मनोरुग्णालय या शब्दाला लोक बिचकतात. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळच्या गाडीने घरी परतता येते. अंगारे, उतारे आणि देवापुढची शपथ यांवर गेलेले महिने मोठे महाग पडतात, कारण त्या काळात पैशाची वाट उघडीच असते.

पत्नीने आणि आईनेही समुपदेशकाला वेगळे भेटावे. वर्षभर हिशेब तपासत, फोन बघत, घेणेकऱ्यांना तोंड देत राहिलेल्या बाईची झोप उडालेली असते. तिला कोणी रुग्ण समजत नाही.

पाय पुन्हा घसरण्याची शक्यता धरूनच चालावे. घसरल्यास चोवीस तासांत घरी सांगायचे आणि सांगितल्यावर त्या दिवशी कोणी ओरडायचे नाही, असा करार आधीच व्हावा. आयपीएलचे दोन महिने, पोळा, दिवाळी आणि मंडई या काळात समुपदेशकाची भेट आधीच ठरवून ठेवावी. धानाचा काटा झाला की रक्कम जमा होण्याच्या दिवशी पत्नी किंवा भाऊ बँकेत सोबत असावा. त्याच दिवशी सोसायटीचे पीककर्ज, बियाणे-खताची उधारी, मुलांची फी आणि वहीतले त्या महिन्याचे हप्ते काढून द्यावेत, पासबुक छापून घ्यावे आणि उरलेली शिल्लक वहीत लिहून त्याखाली दोघांनी सही करावी.